चिकूच्या सावलीत डुकरांची शेड नको

"डॉक्टर, नमस्कार. आमचं घर कुडाळ तालुक्यात. दोन म्हशी, एक गाय, बारा शेळ्या, आणि घरामागे कलमं, चिकू, जांभूळ, आंबाडा अशी बाग. बागेला लागून देवाची राई आहे. तिथल्या वडावर पिढ्यान् पिढ्या वाघळं राहतात, शेकड्यांनी असतील. आता मोठे भावोजी कर्ज काढून वराहपालन सुरू करतायत. शेड चिकूंच्या ओळीतच बांधायची ठरलीय, कारण सावली आयती मिळते आणि पडलेली फळं म्हणजे डुकरांना फुकटचं खाणं. पण केरळातल्या निपाह विषाणूच्या बातम्या फोनवर फिरू लागल्यापासून गावात एकच विषय चाललाय. वड तोडा, नाहीतर फटाके लावून वाघळं हाकला. माझा सात वर्षांचा मुलगा सकाळी उठला की झाडाखालची फळं गोळा करतो. मामंजींना पहाटेची ताजी माडी लागते. दूध आम्ही डेअरीला घालतो, ते तरी चांगलं आहे ना? वड तोडावा का? मी काही बोलले की घरात 'तुला काय कळतंय' म्हणतात. काय करू? — एक सून"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेडच्या वाक्यापाशीच थांबलो. अख्खं गाव वडाकडे बघतंय आणि चिकूंच्या ओळीकडे कुणाचंच लक्ष नाही. शेड अजून उभी राहिलेली नाही, हे फार बरं झालं. ती तिथे बांधू देऊ नका. पुढचं सगळं वाचायला घरात कुणाला वेळ नसेल तर एवढं एक वाक्य तरी भावोजींच्या कानावर घाला.

आणि वेळ असेल तर ही हकीकत त्यांना वाचून दाखवा. १९९८चा सप्टेंबर. मलेशियातलं इपोह शहर आणि त्याच्या आसपासचे डुकरांचे फार्म. तिथे लोकांना ताप येऊ लागला. डोकं दुखायचं, गुंगी यायची, आचके यायचे, आणि काही दिवसांत माणूस जायचा. सरकारला वाटलं हा जपानी मेंदूज्वर असावा. तसं वाटण्यात चूक नव्हती, कारण तो आजारही डुकरांच्या आसऱ्याने वाढतो आणि डास तो माणसापर्यंत आणतात. त्यामुळे धूरफवारणी झाली, लसी टोचल्या गेल्या. साथ मात्र थांबेना. नीट पाहिलं तर आजारी पडणारे बहुतेक डुकरांत काम करणारे धट्टेकट्टे पुरुष होते, लहान मुलं फारशी नव्हती. डास काही माणसं निवडून चावत नाहीत. डुकरंही खोकत होती. कुत्रं भुंकावं तसा तो खोकला, लांबवर ऐकू जाणारा. पण डुकरं मरत होती थोडीच, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मालकांनी ती विकली, ट्रकांत भरून दक्षिणेकडे पाठवली. त्यांच्याबरोबर रोगही गेला.

मार्च १९९९मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात चुआ कॉ बिंग या तरुण डॉक्टरने रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा काढला, आणि तो जपानी मेंदूज्वराचा नव्हता. तो रुग्ण ज्या सुंगाई निपाह गावचा होता, त्या गावाचं नाव विषाणूला मिळालं. त्या साथीत मलेशियात २६५ माणसं आजारी पडली आणि त्यांतली १०५ गेली. तिथली डुकरं सिंगापूरच्या कत्तलखान्यात गेली होती, तिथल्या ११ कामगारांना लागण झाली आणि एक दगावला. शेवटी लष्कर बोलावून सुमारे ११ लाख डुकरं मारावी लागली. त्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरही कर्जं होतीच.

आता यातलं भावोजींसाठी महत्त्वाचं. हा रोग डुकरांत शिरला कुठून? जिथून साथ सुरू झाली तो फार्म मोठा होता, तीस हजारांच्या वर डुकरं. आणि डुकरांच्या कोठ्यांना लागून आंब्याची झाडं लावलेली. एकाच जमिनीत दोन उत्पन्नं, हिशेब चांगलाच होता. रात्री वाघळं आंबे खायला यायची. अर्धे खाल्लेले, लाळ लागलेले आंबे कोठ्यांत पडायचे, वरून मूतही पडायचं. डुकरं ते आंबे आवडीने खायची. वाघळांच्या अंगात हा विषाणू त्यांना काही न करता राहतो. डुकरांत तो फुप्फुसांत वाढतो आणि खोकल्यातून शेजारच्या डुकरात जातो. दाटीवाटीने बांधलेल्या जनावरांत त्याला मग अडवायला कुणी नसतं. वाघळापासून थेट माणसापर्यंत पोहोचायला त्याला जी संधी क्वचित मिळाली असती, ती डुकरांनी त्याला रोजच्या रोज मिळवून दिली.

चिकूंच्या ओळीत शेड म्हणजे हाच आराखडा, फक्त आंब्याच्या जागी चिकू. पडलेलं फळ फुकटचं खाणं वाटतं, पण त्याची किंमत कधी मोजावी लागेल ते आधी कळत नाही. साथीनंतर मलेशियाने फळझाडं आणि डुकरांच्या कोठ्या एकमेकांपासून दूर केल्या, आजारी कळपांवर नजर ठेवली, आणि १९९९नंतर तिथे निपाहची साथ पुन्हा आली नाही. वाघळं तिथे आजही आहेत.

तुम्ही विचाराल, आपल्याकडच्या वाघळांत हा विषाणू आहे का? राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे पुण्याच्या एनआयव्हीने, मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाहच्या खुणा सापडल्या. ती जात तुमच्या वडावरच्या मोठ्या वाघळांपेक्षा वेगळी. पण केरळात वडावर-चिंचेवर लटकणाऱ्या मोठ्या वाघळांतही तो सापडलेला आहे. महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद नाही. म्हणून तुमच्या राईतली वाघळं विषाणू घेऊनच बसलीत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या अंगात तो असू शकतो, हे धरून शेड बांधा, एवढंच म्हणतो. पावसाळ्याआधी नाल्याला बांध घालतात ना, पूर येईलच अशी खात्री झाल्यावर कुणी बांध घालत नाही.

शेडसाठी जागा निवडताना अशी पाहा, की वर एकाही फळझाडाची फांदी येत नाही आणि वारा सुटला तरी फळ आत उडून येणार नाही. वडापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. वाघळं राईतून बागेत कुठल्या वाटेने येतात ते संध्याकाळी अंधार पडताना अर्धा तास खळ्यात उभं राहून बघा, ती वाट सोडून शेड बांधा. छप्पर पूर्ण हवं, पत्र्याचं किंवा सिमेंटच्या पत्र्याचं, आणि बाजूंना बारीक जाळी. खाण्याची गव्हाण आणि पाण्याची टाकी छपराखालीच. बागेतलं पडलेलं फळ डुकरांना घालायचं नाही, कितीही मोह झाला तरी. ते वेचून खड्ड्यात टाका आणि वर माती लोटा. आणि हाच नियम शेळ्यांनाही, म्हशींनाही. सकाळी गुरं सोडायच्या आधी झाडांखाली एकदा झाडू फिरवला तर बराच भार उतरतो.

विकत आणलेलं नवं डुक्कर थेट कळपात सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळं बांधा, त्याच्याकडे जाणारा माणूस आणि बादली वेगळी ठेवा. लस टोचताना एकच सुई सगळ्यांना वापरणारे लोक मी पाहिले आहेत, तसं करू देऊ नका. मलेशियात सुयांमुळेही रोग पसरला असावा असा संशय होता. डुकरं एकदम खोकू लागली, धापा टाकू लागली, एखादी थरथरायला लागली किंवा नीट चालेनाशी झाली, तर ती विकून मोकळं व्हायचा विचार मनात आणू नका. विकलेलं आजारी जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात रोग नेतं. १९६२ या क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे, आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. खोकणाऱ्या कळपात जाणाऱ्याने तोंडाला मास्क आणि पायांत गमबूट घालावेत. गमबूट तर तसेही घाला. पावसाळ्यात गोठ्याच्या चिखलात अनवाणी फिरणाऱ्याला तुमच्या जिल्ह्यात निपाहपेक्षा लेप्टोचा धोका कितीतरी जास्त आहे, आणि हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलोय.

आता वडाचं. तोडू नका.

का, ते सांगतो, म्हणजे गावात बैठक बसली तर तुमच्याकडे बोलायला काही असेल. युगांडात किटाका नावाची खाण आहे. २००७मध्ये तिथल्या खाणकामगारांना मारबर्ग या भयंकर विषाणूची लागण झाली. तिथल्या फळं खाणाऱ्या वाघळांत तो विषाणू होता. खाणवाल्यांनी हजारो वाघळं मारली, तोंडं बंद केली, खाण रिकामी केली. काही वर्षांनी वाघळं परत आली. शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासलं तर आधी सुमारे ५ टक्के वाघळांत विषाणू होता, तो आता १३ टक्क्यांवर गेलेला. २०१२मध्ये जवळच्या इबांडा भागात मारबर्गची साथ आली. जुनी, रोगाला सरावलेली वाघळं मेली आणि त्यांच्या जागी नवी, न सरावलेली आली, की विषाणूला ओली जमीन मिळते.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथे १९९४मध्ये ब्रिस्बेनजवळच्या हेंड्रा या वस्तीत शर्यतीचे घोडे पटापट मेले आणि त्यांना सांभाळणारा प्रशिक्षकही गेला. ज्या विषाणूने हे झालं, तोही घोड्यांपर्यंत वाघळांतूनच आला. पुढे अनेक वर्षं तिथल्या लोकांनी चिकाटीने नोंदी ठेवल्या आणि २०२२मध्ये त्यातून स्पष्ट चित्र बाहेर आलं. हिवाळ्यात वाघळांना पोसणारी फुलांची जंगलं तोडली गेली, वाघळं उपाशी पडली, आणि पोटासाठी वस्तीतल्या, शेतातल्या झाडांवर आली. उपाशी आणि त्रासलेल्या वाघळाच्या मुतातून विषाणू जास्त बाहेर पडतो. ज्या हिवाळी हंगामात रानातली फुलं भरभरून आली, त्या हंगामात वाघळं रानात परतली आणि घोड्यांना लागण झाली नाही.

हे वाचून मला तुमच्या राईचा वड दिसतो. तो पाडला की त्यावरची वाघळं मरणार नाहीत. ती पांगतील, घराजवळच्या फणसावर, शाळेमागच्या चिंचेवर, तुमच्याच चिकूंत. आज ती एका जागी राहतात, संध्याकाळी जातात, पहाटे परततात, त्यांची वाट तुम्हाला ठाऊक आहे. उद्या ती कुठे असतील ते कुणीच सांगू शकणार नाही. फटाक्यांचंही तेच. शिवाय ही वाघळं वर्षाला एकच पिल्लू देतात आणि आई ते पोटाला धरून उडते. फटाके वाजले की पिल्लं खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू उचलायला सगळ्यात आधी धावतं ते तुमच्या मुलाएवढं पोर.

कायद्याचंही सांगा. पूर्वी ही वाघळं वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांच्या यादीत, उपद्रवी म्हणून होती. २०२२च्या दुरुस्तीने त्यांना संरक्षण मिळालं आहे. आता त्यांना मारणं गुन्हा आहे. आणि राई देवाची आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्यांनी ती राखली त्यांना विषाणू ठाऊक नव्हता, पण वाघळांची जागा वेगळी आणि माणसांची वेगळी ठेवायची रीत त्यांनी घालून दिली. वड, उंबर, जांभूळ यांच्या बिया रानात नेऊन टाकणारं हेच जनावर आहे.

मुलाचं मात्र आजपासून बंद करा. केरळात २०२१मध्ये कोझिकोडला बारा वर्षांचा मुलगा निपाहने गेला, तेव्हा घराजवळच्या रामबुतान फळावर संशय होता. २०२४मध्ये मलप्पुरमला चौदा वर्षांचा मुलगा गेला, तेव्हा संशय आंबाड्यावर होता. होय, तोच आंबाडा जो तुमच्या बागेत आहे. कुठल्याही मुलाला ओरडून हे पटत नाही. त्याला दाखवा, हे बघ, इथे दात लागलेत, हे वाघळाचं उष्टं. उष्टं खायचं नसतं हे आपल्या घरांत मुलांना सांगावं लागत नाही. फळं झाडावरून काढा, जमिनीवर पडलेलं सोडा, चावलेलं किंवा टोचलेलं कापूनही खाऊ नका, बाकीचं धुऊन सोलून खा. आणि हात साबणाने धुवायचे. या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, साबणाने ते फुटतं. मेलेलं किंवा पडलेलं वाघूळ हाताने उचलायचं नाही, मोठ्यांनी फावड्याने घेऊन खोल पुरायचं.

मामंजींच्या माडीबद्दल लिहिताना हात थोडा जड होतो, कारण या वयात माणसाचं एक सुख काढून घेणं सोपं नाही. पण बांगलादेशात २००१पासून जवळजवळ दर हिवाळ्यात निपाह येतो आणि तिथे मधलं जनावर लागत नाही. लोक खजुराचा कच्चा रस पहाटे पितात, आणि रात्री त्या मडक्यांवर वाघळं बसतात. तिथे रात्री कॅमेरे लावले तर वाघळं रस चाटताना आणि मडक्यावर मुतताना दिसली. आंबवलेली ताडी पिऊनही लागण झालेली आहे, त्यामुळे 'आंबली की मरतं' यावर भिस्त ठेवू नका. मग तिथल्या लोकांनी एक साधी युक्ती काढली. बांबूच्या कामट्यांची एक झालर विणायची, आणि रस झिरपतो त्या जागेसकट मडकं तिने झाकायचं. वाघूळ तिथे पोहोचतच नाही. तुमच्या गावात माडावर चढणाऱ्याला हे सांगून बघा, माडाच्या पोयीसकट मडकं झाकून घ्या. कामट्या विणणारे हात कोकणात अजून आहेत. तसं झाकून काढलेली माडी असेल तरच मामंजींनी घ्यावी. त्यांना गोडीच हवी असेल तर माडाचा गूळ आहे, तो उकळून केलेला असतो, त्यात भीती नाही.

दुधाचं उत्तर लहान आहे. भारतात निपाहच्या एकाही साखळीत गायी-म्हशींचं दूध आलेलं नाही. मलेशियात डुकरांबरोबर कुत्र्यांना लागण झाली होती, शेळ्यांतही तिच्या खुणा दिसल्या होत्या, म्हणून गव्हाण झाकून ठेवा म्हणतो. दूध उकळून प्या, पण ते निपाहसाठी नाही, माल्टा तापासाठी आणि क्षयासाठी. डेअरीला निर्धास्त घाला.

घराच्या आढ्याला किंवा विहिरीत लटकणाऱ्या लहान पाकोळ्यांच्या मागेही लोक लागतील. २०१८मध्ये केरळात पेरांब्रा इथे पहिल्या कुटुंबाच्या विहिरीत अशीच लहान वटवाघळं मिळाली आणि सगळा संशय त्यांच्यावर गेला. तपासात त्यांच्यात विषाणू निघाला नाही. त्या किडे खातात, त्यांना राहू द्या. विहिरीवर मात्र जाळी टाका, ती वडाखाली असेल तर नक्कीच.

माणसाच्या तापाबद्दल थोडं. त्याच २०१८च्या साथीत १८ जणांची लागण तपासणीत पक्की झाली आणि १७ माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांना हा रोग वाघळांनी नव्हे, आधीच्या रुग्णांनी दिला, तोही बऱ्याचदा दवाखान्यातच. शुश्रूषा करणारी एक परिचारिकाही त्यात गेली. तापाबरोबर गुंगी, असंबद्ध बोलणं, आचके असं काही दिसलं तर एक दिवसही घरी काढू नका. जिल्हा रुग्णालयात न्या, आणि घरी डुकरं आहेत, बागेत वाघळं येतात, माडी प्यायली होती, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. सोबत जाणाऱ्याने मास्क लावावा. साधा ताप असेल तर तुमच्याकडे लेप्टो, मलेरिया, डेंगी, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप, हे आधी आठवायचे. पण ते डॉक्टर ठरवतील.

'तुला काय कळतंय' हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. रोज पहाटे उठून जनावरं सांभाळणाऱ्या बाईला गोठ्यातलं कळत नाही, असं म्हणणाऱ्याने एक आठवडा ती कामं करून बघावीत. भावोजी वाईट नाहीत, कर्जाची काळजी त्यांनाही असेल. त्यांच्याशी वाघळांवर बोलू नका. मलेशियातल्या डुकरांवर बोला, त्यांच्या विम्यावर बोला, साथ आली तर हप्ते कोण भरणार यावर बोला.

आणि पाया खणायच्या आधी एक करा. कागदावर जागेचा कच्चा नकाशा काढा. घर, गोठा, विहीर, चिकूची ओळ, कलमं, आंबाडा आणि वड दाखवा. अंतरं पावलांनी मोजलेली चालतील. वाघळांची यायची वाट बाणाने दाखवा आणि मला पाठवा. शेड कुठे बसेल ते भावोजींबरोबर बसूनच ठरवू.